आक्काताईंची गच्ची

"आकडे काय, कुणीही भरतं," म्हणत पुण्याहून आलेल्या साहेबांनी माझा मोबाईल परत केला.

आमच्या छोट्या फाउंड्रीतली कोळशाची भट्टी काढून मी विजेची बसवली होती, छपरावर सोलर घातलं होतं आणि धूर किती, वीज किती हे मिनिटामिनिटाला मोबाईलवर दाखवणारे सेन्सर लावले होते. साहेबांच्या कंपनीला आता धूर न ओकणाऱ्या कारखान्यातलेच सुटे भाग हवे होते. त्यांची खात्री पटली नाही, तर ऑर्डर जाणार होती आणि तिच्यावर आमची अठरा माणसं जगत होती.

तेवढ्यात बाहेर साहेबांच्या ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली आणि शेजारच्या आक्काताईंचा आवाज चढला. तो आवाज मी एकवीस वर्षं ऐकतोय. काजळीनं अंगणातलं धुणं काळं झालं इथून त्या सुरुवात करायच्या आणि माझ्या वडिलांपर्यंत पोचायच्या.

आम्ही दोघं बाहेर धावलो. आक्काताई कठड्यावरून वाकून हातवारे करत होत्या. "अरं, हळू घे की गाडी! पहाटेपास्नं राबून घातलंय, समदा धुरळा बसंल!"

त्यांच्या गच्चीवर मी कधी साधा रुमाल वाळताना पाहिला नव्हता. आज तिथं धुतलेल्या धोतरावर कुरडया वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र.

"कोण या?" साहेबांनी विचारलं.

"शेजारी. भट्टीच्या धुरापायी रोज मला शिव्या घालायच्या."

"आणि आज?"

मी छाती फुगवून म्हणालो, "आज तुमच्या गाडीला घालतायत."