जसंच्या तसं

जुनी डिस्क आचके देत होती, म्हणून मेकॅनिकने अख्खी सिस्टीम नव्या डिस्कवर हलवली. “बघा वहिनी, सगळं जसंच्या तसं.”

पडद्यावर वहिनींच्या यजमानांचा फोटो उमटला. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

“यात हे हसत होते,” वहिनी हळूच म्हणाल्या.

त्याने जुनी डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडून पाहिली. तिच्यातल्या फोटोत ते खरंच खळखळून हसत होते. नव्या डिस्कवर मात्र ओठ घट्ट मिटलेले.

“कॉपीत होतं कधीकधी असं,” त्याने थाप मारली आणि नेहमीच्या शिरस्त्याने जुनी डिस्क पुसायला लावली.

ती करकरू लागली.

“अहो, थांबवा ते,” वहिनी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

त्यांच्या पडद्यावर यजमानांचं तोंड हळूहळू उघडत होतं, आणि ते हसण्यासाठी नव्हतं.