उकळलेलं पाणी

सकवारबाईंची लोखंडी खाट खडखड वाजायला लागली, तेव्हा विद्याधर सलाइनच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात शिरत होता. म्हातारीचे दात एकमेकांवर आपटत होते, ओठ निळे पडले होते. मुलगा नागोजी तिचे पाय दाबून धरत होता. सून हेमलता भिंतीला चिकटून उभी होती.

सकाळपर्यंत सकवारबाई बऱ्या होत्या. जुलाब थांबले होते. अंगात पाणी भरावं म्हणून सलाइन चालू होतं, एवढंच.

विद्याधरनं टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं. चिठ्ठीवर त्याचंच अक्षर होतं; इस्पितळातलं सलाइन तोच तयार करायचा. त्यानं ट्रे खाली ठेवला आणि रबरी नळीचा चाप आवळला.

"सुई काढा, सिस्टर. ही बाटली पुन्हा लावू नका."

सिस्टरनं सुई काढली आणि ती गरम पाण्याच्या पिशव्या आणायला धावली. कारण कुणी विचारलं नाही. नागोजीला ते आधीच सापडलं होतं.

"घरची पेज आणायला कुणी सांगितलं होतं तुला?" तो बायकोवर खेकसला.

"दोनदा उकळली होती. भांडंसुद्धा उकळलं होतं."

"मग आईला हे कसं झालं? उद्याच तुझ्या भावाला बोलावतो. माहेरी होसूरला जाऊन राहा. पोरं इथंच राहतील."

हेमलतानं तोंडात पदर कोंबला.

विद्याधरला सगळं माहीत होतं. खंडेनवमीला बंगळूरात यंत्र चालवत नाहीत. पाणी शुद्ध करायच्या यंत्राला त्यानंच हार घातला होता, समोर कोहळा फोडला होता. आदल्या दिवशी काढलेलं पाणी बरणीत तसंच राहिलं. दसराही गेला. उरलेलं पाणी ओतून द्यायचं, हा नियम. पण बाटल्या कमी पडत होत्या, आणि नवं पाणी काढायचं म्हणजे अख्खी सकाळ जाणार. वाफेच्या भट्टीत जंतू मरतातच की, असं म्हणून काल त्यानं तेच पाणी भरलं.

जंतू मरतातच. पण मेलेल्या जंतूंचं कवच वाफेनं जात नाही. ते पाण्यात उरतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि रक्तात शिरलं की शरीर त्यालाच जिवंत शत्रू समजून सगळी फौज उठवतं. हुडहुडी भरते, ताप चढतो. बहुतेक वेळा उतरतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत 'बहुतेक' हा शब्द फार भरवशाचा नाही.

त्यानं फळीवरच्या उरलेल्या बाटल्याही ट्रेमध्ये घेतल्या.

"याके सार, सगळ्या कशाला नेता?" पिशव्या घेऊन आलेल्या सिस्टरनं विचारलं.

"स्वल्प काम आहे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

खाटेचा आवाज हळूहळू कमी झाला. तो दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून हेमलताचा आवाज आला.

"अण्णा, तुम्ही औषधं करणारे. पेज अजून एकदा उकळली असती, तर हे झालं नसतं का?"

पेजेचा दोष नाही, एवढंच सांगून निघता आलं असतं. तो नागोजीसमोर जाऊन उभा राहिला.

"दोष या बाटल्यांचा आहे. पाणी शिळं होतं. ते मी भरलं."

नागोजीनं एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पाणी अगदी नितळ होतं.

"चांगलं तर दिसतंय, सार," तो म्हणाला. "आमच्या बाईची चूक तुम्ही कशाला अंगावर घेता?"

विद्याधरला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची त्याला जास्त लाज वाटली.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा," तो म्हणाला. "कालच्या सगळ्या बाटल्या खराब आहेत. मला माहीत असून मी भरल्या."

नागोजीनं बाटली खाली ठेवली. सिस्टर विद्याधरकडे बघतच बाहेर गेली.

सकवारबाईंनी डोळे उघडले. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"नीर," त्या पुटपुटल्या. "पाणी दे गं."

हेमलतानं घरून आणलेला तांब्या उचलला आणि ती तशीच थांबली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग विद्याधरकडे.

"द्या," तो म्हणाला. "तुमचं पाणी चांगलं आहे."