प्लॉटच्या मालकास अर्ज

कागदावर अठरा सह्या झाल्या होत्या. एकोणिसावी अलकनंदाने करायची होती, आणि पेन तिच्या बोटांत नुसतंच फिरत होतं.

“करा ना, अलकाताई,” चेतना म्हणाली. ती इथे नोएडातच एका टीव्ही कंपनीत नोकरीला होती, अर्ज तिनेच हिंदीत लिहिला होता. “इतकं मनापासून लिहिलंय यार, मालकाला पाझर फुटेलच.”

अर्ज साधा होता. आम्ही दर रविवारी तुमच्या रिकाम्या प्लॉटवर सेमलच्या, म्हणजे काटेसावरीच्या, झाडाची चित्रं काढतो. एक मार्चला झाड तोडणार असं कळलं. कृपा करून तोडू नका. मालकाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून वर फक्त प्लॉटचा नंबर घातला होता. अर्ज नोएडा प्राधिकरणाच्या कचेरीत द्यायचा, तिथून तो मालकाकडे जाईल, असं ठरलं होतं.

तो प्लॉट अलकनंदाचाच होता. तिचा आणि बळवंतरावांचा.

डिसेंबरात ती या लोकांना हाकलायलाच आली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून दोन बस बदलून, रागाने फणफणत. झाडाखाली सतरंज्या टाकून माणसं बसलेली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यारावांनी, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या ड्रॉइंग मास्तरांनी, तिच्यापुढे एक कागद आणि ब्रश धरला. “उशीर झाला तुम्हाला. बसा. आज फक्त बुंधा काढायचाय.”

ती बसली. शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. बुंधा काढला, तो दुधी भोपळ्यासारखा दिसला. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. मग येतच राहिली. ओल्या कागदावर लाल रंग सोडला की तो आपल्या मनाने पसरतो, त्याला अडवायचं नाही, हे ती शिकली. पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो, हेही शिकली. घरी सांगायची, “प्लॉटवर नजर टाकून येते.” बळवंतरावांना बायकोचं कौतुक वाटायचं.

आता सगळे तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण मग पुढचा रविवार नाही. तिने मान खाली घातली आणि पूर्ण नाव लिहिलं : अलकनंदा बळवंत सप्रे.

दहा दिवसांनी पाकीट घरी आलं.

बळवंतराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात एकतीस वर्षं कागदच वाचत आले होते. अर्ज वाचून झाल्यावर ते एकेका सहीवरून बोट फिरवू लागले. स्वयंपाकघरात अलकनंदाने गॅस बंद केला. बोट एकोणिसाव्या सहीवर थांबलं.

“ही तुझी सही आहे?”

“हो.”

“म्हणजे आपल्याच प्लॉटवर, आपल्याच झाडासाठी, तू मलाच अर्ज केलास?”

“घरी बोलायचा धीर झाला नाही. तिथे सगळे होते.” मग तिने गादीखालचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. डिसेंबरचा बुंधा, जानेवारीतल्या बोडक्या फांद्या, काळ्या कळ्या. “अहो, मी तिथे फार खुशीत असते.”

प्लॉटवर बांधायच्या घरात झाड बरोबर बैठकीच्या जागी येत होतं, आणि ती बैठक म्हणजे बळवंतरावांचा जीव होती. सरकारी क्वार्टरात आल्यागेल्याला कॉटवर बसवून त्यांचा जन्म गेला. जूनमध्ये रिटायर झाल्यावर स्वतःच्या घरात सहा जणांचा सोफा मांडायचा, हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. त्या रात्री त्यांनी चित्रं पुन्हा एकदा चाळली आणि घराचा नकाशा टेबलावर पसरला. अलकनंदाने विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, अशी तिला भीती वाटली.

रविवारी ते तिच्याबरोबर निघाले.

प्लॉट त्यांनी जुलैत पाहिला होता. तेव्हा त्यांच्या लेखी ते एक आडवं येणारं झाड होतं. आता त्याच्यावर एक पान नव्हतं. नुसती फुलं. वाटीएवढी, लालभडक. मैना आणि बुलबुल त्यांत चोची बुडवत होते. टपकन एखादं फूल सतरंजीवर पडायचं आणि कुणीतरी ओरडायचं, “माझ्या पाण्यात पडलं!”

“हे कोण?” तात्यारावांनी विचारलं.

“माझे मिस्टर,” अलकनंदा म्हणाली. मग एक मोठा श्वास घेऊन म्हणाली, “हेच प्लॉटचे मालक. आणि मीपण.”

ब्रश थांबले. चेतनाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. मग ती घाईघाईने उभी राहिली. “काका, सॉरी, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. पण झाड…”

“झाड राहील,” बळवंतराव म्हणाले. “नकाशातून बैठक काढून टाकली.”

अलकनंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

“अहो, बैठक नाही?” तात्याराव म्हणाले. “मग पाहुणे आले तर बसणार कुठे?”

बळवंतरावांनी सतरंज्यांवरून नजर फिरवली.

“बसलेत की!”