पुसलेले आंबे

क्रेसेन्सियाचा हात पुन्हा टोपलीत गेला. मुलीकडच्यांची नजर चुकवून तिने वरचा आंबा उलटा केला. देठाभोवतीचे काळे कडे खाली गेले. शेजारच्या आंब्याचेही तसेच, त्याच्या पलीकडच्याचेही.

"नानाय, हात बाहेर काढ," रोदेल आईच्या कानाशी पुटपुटला.

"तू गप्प बस. तुझंच लग्न जुळवायला आलेय."

मुलगी मागायला जाताना आपल्या बागेतले फळ न्यायचे, हा त्यांच्या बेटावरचा रिवाज. कालपर्यंत आंबे कसे सोन्यासारखे होते. होडीतल्या उकाड्यात, झाकल्या टोपलीत सगळ्यांना एकदम काय झाले कोण जाणे. आणि समोर बसला होता मुलीचा बाप अन्सेल्मो, ज्याचा अख्खा जन्म इलोइलो बंदरातल्या गोदामात परदेशी जाणारे आंबे निवडण्यात गेला. मुलीला आलेली दोन स्थळेही त्याने डागी फळांसारखी बाजूला काढली होती म्हणे.

क्रेसेन्सियाला बसवेना. आंब्यांखेरीज कुणी दुसरा विषय काढेल तर शपथ.

अन्सेल्मोने वाकून एक आंबा उचलला आणि सवयीने आधी देठ पाहिला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा.

"पिकत घालताना पुसलेत का, नांग?" त्याने विचारले. थोरल्या बाईला नांग, थोरल्या पुरुषाला नोंग, अशी तिकडची हाक.

"एकेक पुसला. ओल्या फडक्याने."

"एकाच?"

"हो. चांगलं धुतलेलं होतं."

"एखादा खराब असणार त्यात. त्याची बुरशी तुम्ही सगळ्यांना फासलीत." तो हसला नाही. "गोदामात अशी टोपली मी दारातूनच परत पाठवतो."

रोदेलने मान खाली घातली. क्रेसेन्सियाच्या मघापासूनच्या भीतीचा आता राग झाला.

"फळं पुसून आणली, तिथंच चुकलं," ती म्हणाली. "पोरगा पुसून नाही आणला, नोंग. आहे तसा आणलाय. बघायचा तर बघून घ्या."

अन्सेल्मोने रोदेलला नखशिखांत न्याहाळले. मग त्याने सुरी मागवली. देठाकडचा काळा भाग जाडसर उडवला, दोन्ही बाजूंच्या फोडी ताटलीत टाकल्या आणि कोय क्रेसेन्सियाच्या हातावर ठेवली. रस तिच्या मनगटावरून ओघळला.

"अहो, पाहुण्यांना कोय काय देता?" त्याची बायको दबक्या आवाजात म्हणाली. "कोय घरच्यांनी चोखायची. त्यांना फोडी द्या."

अन्सेल्मोने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि दुसरा आंबा कापायला घेतला.