एकशेतीनच्या पुढे

वरलक्ष्मीच्या कपाळावरची ताप दाखवणारी पट्टी दुपारी दोनला निळी होती. तीनला काळी झाली.

"काळी जाली पाहा!" तिची आजी वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या. "अस्का, सगळा ताप उतरला. रसम-भात कालवते तिला."

सांबशिवराव नातीच्या उशाशी खुर्ची घेऊन बसले होते. ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि उरल्या वेळात थर धरणाऱ्या द्रवस्फटिकांचं, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचं, गणित मांडत. किती उष्णतेला रेणू थर धरून बसतील आणि कितीला उठतील, हे चौदा वर्षं ते कागदावर सांगत आले होते. खरा द्रवस्फटिक त्यांनी पाहिला तो या पट्टीत. तोही कंपनीचा फुकट नमुना म्हणून.

पट्टीबरोबरच्या चिठ्ठीवर तमिळमध्ये छापलं होतं: हिरवी म्हणजे कणकण, निळी म्हणजे ताप, काळी म्हणजे ताप नाही. हात चुकतो, पट्टी चुकत नाही. खाली सांबशिवरावांचं नाव, पदव्यांसकट. अशा चाळीस हजार पट्ट्या कावेरीकाठच्या गावांत वाटून झाल्या होत्या.

चिठ्ठीत खोटं काही नव्हतं. गार कपाळावर रेणू थर धरून बसतात, पट्टी काळी दिसते. ताप आला की थर मोडतात, रंग उमटतात. त्यापुढचं गणितही त्यांनी केलं होतं. एकशेतीन डिग्री तापाच्या वर रेणूंची उरलीसुरली शिस्त जाते आणि पट्टी परत काळी होते. अगदी पहिल्यासारखी काळी.

"सार, दोन-दोन काळे कशाला?" मद्रासच्या कंपनीचे राममूर्ती आलेख पाहून म्हणाले होते. "लोक गोंधळतील. तुमची रेघ एकशेतीनवर थांबवा की." कंपनीला नुकताच परदेशी भागीदार मिळाला होता, घाई होती. सांबशिवरावांनी रेघ थांबवली. वाकवली मात्र नाही, याचं त्यांना समाधान होतं.

"मघापर्यंत कण्हत होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "आता कशी गप्प पडली आहे."

"थर्मामीटर कोठे आहे?"

"तो काचेचा? शेजारच्या भामाला देऊन टाकला. आता त्याचं काय काम, असं तुम्हीच नाही का म्हणालात?"

सांबशिवराव उठले. "कपाळाला हात लावून पाहतो."

"हात चुकतो," वत्सलाबाई हसल्या. "वाचा चिठ्ठी. तुमचंच नाव आहे खाली." आणि भात कालवायला आत वळल्या.

प्रयोग करण्याची सांबशिवरावांना सवय नव्हती. त्यांनी हात पुढे केला. कपाळाच्या दोन बोटं वरच धग लागली आणि तो थांबला. आणखी खाली न्यायची गरज नव्हती.