आत राहिलेले तिघे

कशेळीच्या गोदामाला आग लागली तेव्हा तिथली सुरक्षा अधिकारी म्हणून बाहेर आलेली माणसं मी दोनदा मोजली. दोन्ही वेळा चव्वेचाळीस भरली. हजेरीच्या मशीनमध्ये मात्र सत्तेचाळीस जण आत गेल्याची नोंद होती. यादीशी पडताळल्यावर तीन नावं उरली: राघो, मेघाली, कमळ. अग्निशमन दलाचे दोन जवान मास्क चढवून धुरात शिरायला निघाले. मी ती नावं पुन्हा एकदा ओरडून पुकारली.

"राघो माजा नवरा," पॅकिंगवाल्या रंगूबाई पुढे येऊन म्हणाल्या. "तो शेलार गावाला घरी हाय. मेघाली नि कमळ माज्या पोरी, त्या शालंत हायत."

"मग त्यांची हजेरी कशी लागली?"

"या मनोजला इचारा."

सुपरवायझर मनोज चाचरला. "मॅडम, पुठ्ठे उचलून मावशींची बोटं घासलीत, मशीन ओळखत नाही. म्हणून मी त्यांची चार बोटं चार नवीन कामगार म्हणून टाकली. एकच नाव मशीन दोनदा घेत नाही, मग एका बोटाला त्यांचं नाव आणि बाकी तिघांना घरच्यांची नावं घातली."

"मी रोज चारी बोटा दाबते, एक तरी लागतंच," रंगूबाई म्हणाल्या. "आज मेली चारी लागली!"

मी धावत जाऊन जवानांना दारातच अडवलं.

आग विझायला बावन्न मिनिटं लागली. तोवर आत कोणीही गेलं नाही.