झिजलेला राजा

"हा कुठला राजा, तेवढं सांगा," बेकरीवाला म्हणाला आणि रुमालाची गाठ सोडून त्याने नाणं टेबलावर ठेवलं.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन आडवं पसरलं होतं. जुनी रोमन नाणी ओळखणाऱ्या बाईंना तिथे सगळे नाणेबाई म्हणत. त्यांच्या पाठीमागे भिंतभर ड्रॉवर होते आणि त्यांत कापसावर राजे, राण्या नि देव केव्हापासूनची झोप काढत होते. या खोलीत आलेला माणूस आपोआपच हळू बोलायला लागायचा.

नाणेबाईंनी नाणं उचललं. तांब्याचं, कडेने काळपट आणि चेहऱ्याच्या जागी वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

"एवढं कुणी घासलं हो?"

"आईने. अंगठ्याने." बेकरीवाला साठीचा होता, पण 'आई' म्हणताना त्याचा आवाज लहान झाला. "वडील जहाजावर गेले तेव्हा मी पोटात होतो. परत आलेच नाहीत. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. मी विचारलं की आई हे नाणं पुढे करायची. म्हणायची, या राजासारखे दिसायचे. तेव्हाच निम्मा राजा पुसला होता. आता आईही गेली."

"मग?"

"याच राजाचं न झिजलेलं नाणं असेल ना तुमच्याकडे? एकदा वडिलांना बघायचंय, बस."

नाणेबाईंनी नाणं उलटं करून भिंगाखाली धरलं. मागच्या बाजूला पिसारा होता. मोर. मोर राण्यांच्या नाण्यांवर असायचा. त्यांनी चेहऱ्याची बाजू उन्हात तिरकी धरून पाहिली. नाक गेलं होतं, डोळे गेले होते. डोक्यामागचा केसांचा अंबाडा तेवढा उरला होता. हा राजा नव्हताच, राणी होती.

नाणं कुणाचं ते चिठ्ठीवर लिहून देताना तीस वर्षांत नाणेबाईंनी एकही चिठ्ठी खोटी लिहिली नव्हती. भल्याभल्यांची हौसेने मिरवलेली नाणी त्यांनी तोंडावर नकली ठरवली होती आणि वर चहा प्यायल्या होत्या. आज मात्र जीभ रेटेना. समोरचा माणूस शाळेतल्या मुलासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता.

"जरा खिडकीकडे तोंड करून बसा," त्या म्हणाल्या. "उजेड अडतोय."

तो मुकाट्याने वळून बसला. नाक सरळ उतरून टोकाशी वाकलेलं, हनुवटी हट्टी, कानाची पाळी लांब. नाणेबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि एकेक ड्रॉवर ओढत गेल्या. जाड मानेचे राजे, दाढीवाले राजे, कशावर तरी रुसलेले राजे. खालच्या रांगेत तसंच नाक, तशीच हनुवटी असलेला एक सापडला. त्यांनी तो बेकरीवाल्याच्या तळहातावर ठेवला.

बेकरीवाल्याने नाणं डोळ्यांजवळ नेलं. उन्हात तरंगणारी धूळसुद्धा थांबल्यासारखी झाली. त्याचा दुसरा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला.

"हेच," तो म्हणाला. "हेच ते." आणि डोळे पुसायचं विसरून हसला.

नाणेबाईंनी चिठ्ठीवर त्या राजाचं नाव लिहिलं. त्यांना लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

बेकरीवाल्याने राजा परत दिला, आपलं नाणं घेतलं आणि निघाला. सवयीने त्याचा अंगठा नाण्यावरून फिरत होता. दाराशी तो थांबला.

"मॅडम, राजाच्या डोक्यामागे इथे जरा उंच लागतं बघा," तो म्हणाला. "लहानपणी आईच्या पाठीशी झोपायचो ना, तेव्हा तिचा अंबाडा हाताला असाच लागायचा."

त्याने नाणं रुमालात बांधलं आणि तो गेला. चिठ्ठी टेबलावरच राहिली.